मासा ठरवायचा आधी, आणायचा शेवटी: मोठे शिकारी मासे घरी पाळताना

कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानात रेड टेल कॅटफिशचं पिल्लू बोटाएवढं असतं. काळी पाठ, पांढरा पट्टा, शेंदरी शेपूट, आणि मिशा हलवत काचेच्या कोपऱ्यात बसलेलं. कुणालाही घ्यावंसं वाटेल. हाच मासा ॲमेझॉनमध्ये चार फुटांपर्यंत वाढतो. घरच्या टाकीत नीट खायला मिळालं, तर दोन वर्षांत दोन फुटांच्या आसपास जातो.

ठाण्यात एका ओळखीच्यांकडे मी असा मासा चार फुटी टाकीत पाहिला होता. टाकीची रुंदी दीड फूट. वळायला गेला की नाक पुढच्या काचेला लागायचं आणि शेपूट मागच्या. नाकावरची कातडी घासून पांढरी पडली होती. मी तिथे पाऊण तास बसलो, तेवढ्या वेळात तो एकदाही सरळ पोहला नाही. घरच्यांचं त्याच्यावर मनापासून प्रेम होतं. खाणं वेळेवर, पाणी स्वच्छ. फक्त मासा आधी आणला होता आणि बाकीचं सगळं नंतर बघू म्हटलं होतं. हा क्रम उलटा करायचा, एवढ्यासाठीच हे सविस्तर लिहितोय.

कागदावर मासा ठरवा

पिल्लाची लांबी विसरा. पूर्ण वाढलेला मासा किती लांब होतो ते लिहून ठेवा आणि त्यावरून टाकी काढा. माझा हिशेब सोपा आहे: टाकीची रुंदी निदान माशाच्या लांबीएवढी आणि टाकीची लांबी त्याच्या तिप्पट.

ऑस्कर एक फुटाचा होतो, कधी त्याहून थोडा मोठा. एका ऑस्करला चार बाय दोन बाय दोनची टाकी पुरते. फ्लॉवरहॉर्नचंही तसंच, पण तो एकटाच ठेवायचा, सोबतीला कुणी सोडलं की मारतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि पहिल्यांदाच शिकारी मासा पाळणाऱ्या माणसाला मी ऑस्करच सांगतो. माणूस ओळखतो, खाण्याच्या वेळी काचेला येऊन भिडतो, आणि त्याची पूर्ण वाढ आपल्या घरात मावते.

सिल्व्हर अरोवाना टाकीत दोन-अडीच फुटांचा होतो आणि दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. त्याला आठ बाय तीनची टाकी लागते. शरीर लवचीक असल्यामुळे अडीच फूट रुंदीत तो वळतो, पण त्याखाली नाही. रेड टेल कॅटफिश आणि ॲलिगेटर गार कुठल्याच फ्लॅटसाठी नाहीत. गार तर सहा फुटांच्याही पुढे जातो. दुकानदार म्हणेल, ‘टाकीएवढाच वाढतो.’ हे खरं नाही. लहान टाकीत माशाची वाढ खुंटते ती घाण पाण्याने आणि ताणाने. पाठीचा कणा वाकतो आणि मासा अर्ध्या आयुष्यात जातो.

आशियाई अरोवाना, म्हणजे रेड आणि गोल्डन, यांच्याबाबत कायदा आधी समजून घ्या. हा मासा साइटिस, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. तिच्यामुळे अशा प्रजातींचे जिवंत प्राणी बाळगायचे तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकणाऱ्याकडे कागद नसतील तर ‘नंतर देतो’ या शब्दावर घेऊ नका. सिल्व्हर अरोवाना या यादीत नाही.

आणि एक मासा आपल्याच मातीतला. डोक. वलगणीच्या पहिल्या पावसात ओढ्यातून भातखाचरात चढतो तोच. एक वीतभर होतो, तीन बाय दीड बाय दीडच्या टाकीत जोडी राहते, आणि शिकार बघावी तर याची. पानाआड थांबतो, शरीर किंचित वाकवतो, मग पाण्यात रेघ उमटल्यासारखा जातो. नर अंडी तोंडात धरून उबवतो. बाजारात जिवंत मिळणारा मरळ याचाच मोठा भाऊ, पण तो दोन-तीन फुटांचा होतो, म्हणून फ्लॅटला नको. डोक स्वतः पकडायचा मोह झाला तर येऊरच्या ओढ्यांत जाळं टाकू नका. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथला मासा काढणं गुन्हा आहे.

जमिनीचा हिशेब

सहा बाय अडीच बाय दोन फुटांची टाकी म्हणजे तीस घनफूट, साधारण 850 लिटर. एवढ्या पाण्याचंच वजन साडेआठशे किलोच्या घरात. 12 मिलिमीटर काच साधारण 140 किलो. त्यात लोखंडी स्टँड आणि खालच्या संपचं, म्हणजे फिल्टरच्या टाकीचं, पाणी धरा, आकडा अकराशे-बाराशे किलोवर जातो. हे सगळं दीड चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर उभं असतं, म्हणजे चौरस मीटरला आठशे किलोच्या आसपास. घरांच्या स्लॅबचं डिझाइन करताना राहणीचा भार चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास धरतात.

म्हणून कुठलीही मोठी टाकी उघड्या स्लॅबच्या मधोमध नको. बीमवर, कॉलमजवळच्या भिंतीला लागून ठेवायची. खालच्या घरात जाऊन बीम कुठून जातो ते डोळ्यांनी बघा, अंदाजाने ठरवू नका. ऑस्करच्या चार फुटी टाकीलाही हे लागू आहे, कारण तीसुद्धा पाच-सहाशे किलोची होते. नौपाड्यातली, कोपरीतली जुनी इमारत असेल किंवा वाशी-नेरूळकडची तीस-पस्तीस वर्षांची सिडकोची बिल्डिंग, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय टाकी भरू नका. स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट सोसायटीच्या ऑफिसात असतो, तो मागून वाचा. स्लॅबचं प्लास्टर सुटलंय, सळ्या दिसतायत असं त्यात असेल, तर मोठी टाकी हा विषय तिथेच थांबवा. मी ऐरोलीत रो-हाऊसच्या तळमजल्यावर राहतो, म्हणून माझी सहा फुटी टाकी उभी आहे. तिसऱ्या मजल्यावर असतो तर नसती.

काच, स्टँड, झाकण

टाकी बनवून घेताना वरच्या कडेला आतून काचेच्या पट्ट्या आणि मध्ये आडवी पट्टी लावून घ्या. पाण्याच्या दाबाने लांब काच मधोमध फुगते, पट्ट्या ती धरून ठेवतात. सिलिकॉन आठवडाभर सुकू द्या. मग पार्किंगमध्ये सपाट जागी थर्माकोलवर ठेवून पूर्ण भरा आणि चार दिवस तशीच सोडा. गळती तिथे सापडली तर सिलिकॉनची एक ट्यूब जाते. घरात सापडली तर खालच्या शेजाऱ्याचं छत जातं.

स्टँड चौकोनी पाइपचा, दमट हवा धरून दोन हात रेड ऑक्साइड मारलेला. वर 18 मिलिमीटरचा मरीन प्लाय, त्यावर थर्माकोल, मग टाकी. स्पिरिट लेव्हल दोन्ही दिशांना लावून बघा. टाकी एका कोपऱ्याला तीन-चार मिलिमीटर जरी खाली असली, तरी सगळा ताण एका सांध्यावर येतो.

आता झाकण. अरोवाना पाण्यावरच्या फांदीवरचा किडा उडी मारून पकडणारा मासा आहे, आणि डोक-मरळ तर एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात जाणारे. माझा पहिला अरोवाना रात्री दोनच्या सुमारास पाइपसाठी ठेवलेल्या फटीतून बाहेर आला. फट चार बोटांची होती. सकाळी तो सोफ्याखाली सापडला, खवल्यांना धूळ चिकटलेली. तेव्हापासून माझ्या टाकीवर पॉलिकार्बोनेटचं झाकण असतं, चारी बाजूंनी क्लिप, आणि पाइपच्या भोकाभोवती स्पंज कोंबलेला. डोक किंवा मरळ असेल तर पाणी झाकणापासून चार इंच खाली ठेवा. ते वर येऊन हवेतून श्वास घेतात. ती हवा मिळाली नाही तर पाण्यात ऑक्सिजन असूनही ते गुदमरतात.

फिल्टर: इथे पैसे वाचवू नका

शिकारी मासा मांस खातो, आणि त्याची घाणही तशीच असते. दुकानात टाकीबरोबर फुकट मिळणारा टॉप फिल्टर गप्पीसाठी ठीक. मोठ्या माशाला संप लागतो. संप म्हणजे स्टँडखाली ठेवलेली दुसरी टाकी, मुख्य टाकीच्या पाव ते तृतीयांश आकाराची. वरून पाणी ओव्हरफ्लोने खाली येतं, आधी स्पंज आणि फिल्टर वूलमधून गाळलं जातं, मग सिरॅमिक रिंग किंवा बायो बॉलच्या कप्प्यातून जातं, शेवटी पंप ते वर ढकलतो. पंप असा निवडा की तासाला टाकीचं पाणी पाच-सहा वेळा फिरेल. 850 लिटरला साडेचार-पाच हजार लिटरचा. उंचीवर चढवताना प्रवाह कमी होतो, म्हणून डब्यावरच्या आकड्यापेक्षा मोठाच घ्या. बायो मीडिया, म्हणजे या रिंग आणि बॉल, महाग वाटला तर भांडी घासायचे प्लास्टिकचे स्क्रबर वापरा. मी दीडशे स्क्रबरांवर सहा वर्षं काढलीत. फक्त साबण लावलेले नकोत.

वीज गेली की पंप थांबतो आणि वरचं पाणी परतीच्या पाइपातून उलटं खाली येतं. त्यासाठी पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली छोटं भोक पाडा, म्हणजे हवा शिरून सायफन तुटेल. संपमध्येही तेवढं पाणी मावेल एवढी जागा रिकामी ठेवा. टाकी चालू केल्यावर पहिल्याच दिवशी मुद्दाम स्विच बंद करून बघा. हे न तपासल्यामुळे हॉलभर पाणी झालेली घरं मी पाहिली आहेत.

सॉकेटच्या लाइनवर ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवाच. आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली एकदा लोंबून मग वर जाऊ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी जमिनीवर पडेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही.

आपलं पाणी

ठाण्याला भातसा आणि उल्हास नदीचं पाणी येतं, नवी मुंबईला मोरबे धरणाचं. हे सगळं सह्याद्रीवर पडलेलं पावसाचं पाणी, काळ्या पाषाणावरून वाहत आलेलं. त्यामुळे ते मऊ असतं. ॲमेझॉनच्या माशांना मऊ पाणी आवडतं, ही चांगली गोष्ट. पण याच मऊपणात एक धोका आहे, आणि मोठ्या माशांच्या टाकीत तो हमखास समोर येतो.

माशाच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. हे करताना पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल झेलण्याची ताकद, वापरली जाते. पाणी मुळातच मऊ, त्यात मासा मोठा, म्हणजे क्षारता भराभर संपते आणि पीएच घसरतो. पीएच सहाच्या खाली गेला की जिवाणूंचं काम मंदावतं आणि अमोनिया साचू लागतो. आम्ल पाण्यात तो बहुतेक अमोनियमच्या रूपात असतो, फारसा विषारी नसतो, म्हणून मासा वरवर ठीक दिसतो. अशा वेळी मालक घाबरून सत्तर टक्के पाणी एकदम बदलतो. पीएच वर जातो, अमोनियमचा अमोनिया होतो, आणि मासा काही तासांत जातो. माझा चार वर्षांचा ऑस्कर असाच गेला. दोन-तीन आठवडे पाणी बदलायचं राहून गेलं होतं. ती चूक एका दुपारी भरून काढायला गेलो आणि त्याच रात्री तो आडवा झाला. अशा टाकीत दहा-दहा टक्केच पाणी बदला, दिवसाआड, आठवडाभर.

हे मुळात होऊ नये म्हणून संपमध्ये जाळीच्या पिशवीत किलोभर कोरल चिप्स किंवा धुतलेल्या शिंपल्यांचा चुरा ठेवा. पाणी आम्ल होऊ लागलं की तो हळूहळू विरघळतो आणि क्षारता टिकवतो. टेस्ट किट घ्या: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच, केएच. केएच म्हणजे क्षारतेचं माप, ते चारच्या आसपास ठेवा. घोडबंदर रोडच्या बऱ्याच सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळतं. ते जड असू शकतं आणि आठवड्यागणिक बदलतं. तिथे बदलीच्या आधी प्रत्येक वेळी पाणी तपासा, आणि कोरल चिप्स टाकायची गरज आहे का ते किट बघूनच ठरवा.

आठवड्याला तीस टक्के पाणी बदलायचं. 850 लिटरच्या टाकीत म्हणजे अडीचशे लिटर. हे बादलीने होत नाही. बाथरूममध्ये किंवा बाल्कनीत दोनशे लिटरचे दोन ड्रम ठेवा, त्यात एअर स्टोन टाकून चोवीस तास पाणी मुरू द्या म्हणजे क्लोरीन उडून जाईल, मग छोट्या पंपाने टाकीत सोडा. घाई असेल तर हायपो वापरा, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, मात्रा पाकिटावर असते. पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे क्लोरीनचा डोस वाढतो, तेव्हा नळाचं पाणी थेट सोडू नका. ड्रमचा दुसरा फायदा असा की शटडाऊनच्या दिवशी नळ कोरडा असला तरी बदली चुकत नाही. टाकीतून काढलेलं पाणी सोसायटीच्या झाडांना घाला. नायट्रेटमुळे ती जोमाने वाढतात.

टाकी पिकवणं

भरलेल्या टाकीत लगेच मासा नाही. जिवाणू बसायला तीन ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाची चालती टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला जुना स्पंज मागून आणा आणि आपल्या संपमध्ये ठेवा, वेळ निम्म्यावर येतो. आणताना स्पंज ओला राहिला पाहिजे, आणि त्यांच्याकडे रोगराई नाही याची खात्री करून घ्या. जिवाणूंना खाणं म्हणून जाळीत कोळंबीचा तुकडा टाकतात. चार दिवस वास येतो, घरच्यांना आधी सांगून ठेवा. किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग आठवडाभर शून्य दिसले की टाकी तयार.

मासा घरी

दुकानात मासा खाताना बघितल्याशिवाय घेऊ नका. डोळे स्वच्छ, कल्ल्यांची झाकणं बाहेर वळलेली नाहीत, श्वास शांत. खालच्या कोपऱ्यात बसलेला, अंगावर रोगाचे ठिपके असलेला मासा दुकानदार स्वस्तात देतो, तोही नको. आणल्यावर तीन आठवडे वेगळ्या टाकीत, म्हणजे क्वारंटाइन. बाजारातून आणलेल्या डोक-मरळांच्या अंगावर परजीवी असतातच असं धरून चाला.

सोबती निवडताना एकच प्रश्न विचारा: दुसऱ्याच्या तोंडात हा मावेल का? मावत असेल तर आज ना उद्या तो जाणारच. अरोवानाबरोबर सारख्या मापाचा ऑस्कर किंवा सिल्व्हर डॉलर चालतो. दोन अरोवाना एका टाकीत नकोत.

खाणं

जिवंत गोल्डफिश किंवा गप्पी सोडण्याची सवय लावू नका. मित्रमंडळींना ते बघायला आवडतं, पण त्यातून रोग येतात. गोल्डफिशमध्ये, तसंच मांदेलीच्या गटातल्या कच्च्या माशांमध्ये थायमिनेज असतं. ते बी-1 जीवनसत्त्व नष्ट करतं, आणि महिनोन्‌महिने तेच खाल्लं तर मासा तोल जाऊन वेडावाकडा पोहू लागतो. चिकन-मटणाची चरबी माशाला पचत नाही, यकृतावर साठते. मुख्य खाणं पेलेट्स, म्हणजे तयार खाण्याच्या गोळ्या, असू द्या. पहिले काही दिवस मासा तोंड फिरवील. दोन दिवस उपाशी ठेवा, मग चिलापीच्या फाकीबरोबर एक-एक पेलेट टाका. पंधरा दिवसांत लागतो. आठवड्यातून एक-दोनदा सोललेली कोळंबी किंवा चिलापी, बाजारातून ताजी आणून, धुऊन, फ्रीझ करून. सुकट, खारवलेलं काही नाही. घरात पकडलेलं झुरळ नाही, त्याच्या अंगात फवारणीचं औषध असू शकतं.

पिल्लाला दिवसातून दोनदा, वर्षाच्या पुढच्या माशाला दिवसातून एकदा, आणि पूर्ण वाढलेल्याला आठवड्यातून तीन-चार वेळाच. दहा मिनिटांत उरलेलं काढून टाका.

उन्हाळा आणि वीज

एप्रिल-मेमध्ये आपल्या घरांतलं टाकीचं पाणी 32 अंशांवर जातं. 25 अंशांना पाण्यात लिटरला 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 32 ला 7.3. आणि नेमकं तेव्हाच माशाला जास्त लागतो. झाकणात जाळीची खिडकी करून तिच्यावर छोटा पंखा लावा, पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. हिवाळ्यात हीटर लागला तर तो संपमध्ये ठेवा, टाकीत ठेवला तर ऑस्कर शेपटीने फोडतो.

पावसाळ्यात वीज गेली की सगळ्यात आधी एअर पंप. तो दहा-वीस वॉटचा असतो, घरच्या इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा घेऊन ठेवा आणि दर महिन्याला चालवून बघा. वीज नसताना खाणं अजिबात घालू नका. पंप आणि हवा मिळून 80 वॉट धरले तर महिन्याला अठ्ठावन्न युनिट होतात, हेही घरात आधीच बोलून ठेवा.

नको झाला तर

ठाण्याच्या तलावपाळीत, उपवन तलावात, खाडीत किंवा विसर्जनाच्या तलावात मासा सोडणं ही दया नाही. मे 2023 मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार सापडला. तो तिथे पोहत गेला नव्हता, कुणीतरी सोडलेला होता. असा एक मासा स्थानिक पिल्लं वर्षानुवर्षं खात राहतो. मोठी टाकी असलेला पाळणारा शोधा, दुकानाला परत द्या, पैसे मागू नका. मासा बरा न होण्याइतका आजारी असेल तर पशुवैद्याला विचारून लवंग तेलाने त्याला शांतपणे झोपवता येतं.

गणपतीला गावी जाताना

हा प्रश्न मला दरवर्षी विचारतात. पूर्ण वाढलेला निरोगी मासा आठ-दहा दिवस उपाशी आरामात राहतो. निघायच्या दोन दिवस आधी खाणं बंद, आदल्या दिवशी तीस टक्के पाणी बदला, फिल्टर वूल धुवा, झाकणाच्या क्लिपा तपासा. शेजारच्या काकूंना किल्ली द्या, पण खाण्याचा डबा कपाटात कुलपात ठेवा. मासा काचेशी येऊन तोंड उघडतो, त्यांचा जीव कळवळतो आणि मूठभर खाणं जातं. परत येईपर्यंत पाणी दुधासारखं झालेलं असतं. त्यांनी दिवसातून एकदा येऊन फक्त दोनच गोष्टी बघायच्या: पंपाचा आवाज येतोय का, आणि संपमधली पातळी मार्करने मारलेल्या रेघेवर आहे का. रेघेच्या खाली गेली तर ड्रममधलं मुरलेलं पाणी दोन तांबे घालायचं आणि फोन करायचा.